माझ्या अंगावरची काळी रेघ

मी एक जुना मेंदू आहे. दचकू नका मित्रांनो, मी कुणाच्या डोक्यातून काढलेला नाही. मी प्लास्टरचा आहे. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना दाखवण्यासाठी जे मोठाले नमुने करतात, त्यांतला मी एक. माझे तुकडे सुटे होतात आणि पितळी आकड्यांनी पुन्हा जोडता येतात. एका कोपऱ्यात मला चिकटवलेला सांधा आहे, तो लपवण्याचा मी प्रयत्न करत नाही.

माझा स्वभाव आधीच सांगून ठेवतो. मला धक्के फार बसतात. फळीवर माझ्या शेजारी हृदयाचा एक नमुना असे. तो म्हणायचा, "तू सगळंच मनाला लावून घेतोस." हृदयाने मेंदूला असे म्हणावे, याचाही मला धक्काच बसला होता. पण माझे ऐकून तर घ्या, आणि मग ठरवा की माझे चुकले काय.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एक साचेवाला राहत असे. त्याच्या फळ्यांवर जबडे, पावले, कान आणि डोळ्यांचे गोळे वाळत पडलेले असत. साचा उघडला, मी बाहेर आलो, उजेड पाहून हरखलो आणि अजून अंग ओले होते तोच साचेवाल्याने माझ्यावर करवत धरली! डाव्या-उजव्या बाजू वेगळ्या केल्या, मग त्यांचेही तुकडे केले आणि कापलेल्या बाजू लिंपून टाकल्या. जन्माला आल्याबरोबर असा पाहुणचार कुणाचा होत असेल?

रंगवायला साचेवाल्याची मावशी बसली. तिचा हात हलका होता. समोरचा भाग तिने निळा केला. त्याच्या मागचा, डोक्याच्या वरच्या बाजूचा, पिवळा. कानाजवळचा हिरवा आणि अगदी मागचा तांबडा. पण प्लास्टर पुरते वाळले नव्हते. निळा रंग ओघळून पिवळ्यात शिरला.

"अगं बाई! हे बघ काय झालं," मावशी म्हणाली. "निळं-पिवळं एक झालं की रे!"

"एवढंच ना? त्या घडीवरून एक काळी रेघ ओढ. झाकून जाईल," साचेवाला म्हणाला.

"आणि कुणी विचारलं, ही रेघ कसली म्हणून?"

"मावशी, मेंदूला कोण विचारतंय?"

मावशी हसली आणि निळ्या-पिवळ्याच्या मधल्या खोल घडीवरून तिने बोटभर जाड काळी रेघ ओढली. ओघळ झाकण्यापलीकडे त्या रेघेला काही अर्थ नव्हता. तिथून मी कॉलेजात गेलो.

तिथे माझा काय थाट होता म्हणून सांगू! मोठा वर्ग, पायऱ्यापायऱ्यांची बाके आणि मध्ये उंच टेबलावर मी. सर लांब काठी घेऊन यायचे आणि काठीचे टोक माझ्या काळ्या रेघेवर ठेवायचे. "ही रेघ पाहून ठेवा," ते म्हणायचे. "रेघेच्या पुढे निळा भाग. बेत आखायचा तो इथे आणि हात हलवायचा हुकूम सुटतो तोही इथून. रेघेच्या मागे पिवळा. वस्तू कुठे आहे, किती लांब आहे, याचं भान इथे. अलीकडचं अलीकडे आणि पलीकडचं पलीकडे." मुले रेघ काढून घ्यायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी तर माझ्याभोवती रांग लागायची. त्या मुलांची पुढे नावाजलेली डॉक्टर मंडळी झाली, काही सर झाली, आणि त्यांनीही माझ्याच रेघेवर काठी ठेवली. मी मनात म्हणायचो, आपण म्हणजे चार राज्यांचा नकाशा आणि काळी रेघ म्हणजे भक्कम सरहद्द. मावशीचा ओघळ मी विसरूनही गेलो होतो.

मग वर्गात मोठा पडदा आला. पडद्यावरचा मेंदू फिरायचा, उघडायचा, चमकायचा. माझी रवानगी कपाटावर झाली. माझ्या घड्यांत धूळ बसली आणि एका घडीत कोळ्याने संसार थाटला. पुढे कुणाच्या तरी लक्षात आले की मी वजनदार आहे. मग वाऱ्याने आपटणारे दार उघडे ठेवायला मला उंबऱ्यात ठेवू लागले. विद्येचे दार मी उघडे ठेवत होतो, असे म्हणायला हरकत नाही, पण येणारा-जाणारा लाथ मारून जायचा. इतकी वर्षे ज्यांनी मला पाठ केले, त्यांच्यातलाच एकजण मला "हा दगड बाजूला करा रे" म्हणाला. दगड! आजही आठवले की अंगावर काटा येतो. म्हणजे आला असता.

एक दिवस मॅडमनी मला उचलले. मॅडम म्हणजे मेंदूच्या मोठ्या डॉक्टर. त्यांनी पदराने माझी धूळ पुसली आणि रोगी तपासायच्या आपल्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवले. खोलीत एक खिडकी, हात धुवायचे बेसिन, रोग्याला झोपवायचा उंच पलंग आणि खिडकीशी सूक्ष्मदर्शक होता. त्याच्या शेजारी काचेच्या पट्ट्यांची पेटी असे. मॅडम फावल्या वेळात त्या काचा लावून तासन्‌तास बघत बसायच्या. काय बघतात, ते मला ठाऊक नव्हते. त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर होता. चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, म्हणून सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. तोही माझ्यावरच शिकलेला.

आता मी ज्यासाठी हे सगळे सांगतो आहे, ती गोष्ट.

एका सकाळी खोलीत तिघेजण आले. दोघे भाऊ होते. त्यांचे दोघांचे मिळून दाढी-कटिंगचे दुकान होते. थोरला पुढे, ताठ. धाकटा त्याच्या मागे, मान खाली घालून. सगळ्यात मागे धाकट्याची बायको. मॅडम वॉर्डात गेल्या होत्या, त्यामुळे टेबलाशी चष्मेवाला बसला होता. थोरल्याने खिशातून रुमालात गुंडाळलेले काहीतरी काढले आणि माझ्या शेजारी ठेवले.

"हा ह्याचा वस्तरा," तो म्हणाला. "मी काढून घेतलाय. डॉक्टर, तुम्ही एकच सांगा. हा प्यायला लागलाय की नाही?"

"दादा, आईची शपथ, थेंबाला शिवलेलो नाही," धाकटा म्हणाला.

"आईला मधे आणू नकोस. गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लावलीस. पावडरचा डबा रोज पाडतोस. कंगवा समोर असतो आणि तुझा हात भलतीकडे चाचपडतो. लोक हसतात, दुसऱ्या दुकानात जातात. उद्या कुणाचा गळा कापलास म्हणजे?" थोरला चष्मेवाल्याकडे वळला. "दारुड्या माणसाला मी दुकानात उभा करणार नाही, भाऊ असला तरी. आज निकाल लावूनच जायचं, असं ठरवून आलोय."

चष्मेवाल्याने त्यांनी सोबत आणलेले फोटो खिडकीसमोर धरून पाहिले. मेंदूचे फोटो होते ते. "एक लहानसा झटका येऊन गेलाय," तो म्हणाला. "बारीक गुठळी अडकली होती." त्याने मला स्वतःकडे ओढले. "हे बघा. मार बसलाय तो इथे, पिवळ्या भागात. हात हलवायचा हुकूम सुटतो इथून, निळ्यातून. मधे ही रेघ. निळा भाग ठणठणीत आहे. हातात ताकद आहे, नजरही चांगली आहे. त्यामुळे हात चुकण्याचा ह्या झटक्याशी काही संबंध दिसत नाही."

"म्हणजे दारूच," थोरला म्हणाला.

मित्रांनो, मी सुन्न झालो! मावशीने ओघळ झाकायला ओढलेली रेघ, आणि तिच्यावर बोट ठेवून एका माणसाला दारुडा ठरवत होते! मला तोंड असते तर मी किंचाळलो असतो, "अहो, ती रंगाची भानगड आहे!" पण प्लास्टरला कुठले आले तोंड.

इतका वेळ गप्प असलेली बायको बोलली. "भाऊजी, ह्यांच्या तोंडाला वास येत नाही. मी बघते ना."

"काय बघतेस?"

"दुकानातून घरी आले की टॉवेल द्यायला जवळ जाते," ती म्हणाली आणि थांबली. "तेव्हा वास घेते."

तिने पदराचा शेव बोटाला गुंडाळला. नवऱ्याकडे तिला बघवेना. धाकटा मात्र तिच्याकडेच बघत होता.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "म्हणून तर तू जवळ आलीस की मी मोठा श्वास सोडतो. तुझी खात्री पटावी म्हणून."

  बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. थोरल्याने मान फिरवली, पण वस्तऱ्यावरचा हात काही काढला नाही. ठरवलेले सोडणाऱ्यांतला तो नव्हता.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी उभ्या-उभ्याच सगळे ऐकून घेतले, फोटो पाहिले आणि धाकट्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या पर्समध्ये कंगवा होता, तो त्यांनी त्याच्यासमोर धरला.

"कंगव्याकडे बघा आणि घ्या," त्या म्हणाल्या. धाकट्याने घेतला. थोडा अडखळला, पण घेतला.

"आता माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. कंगवा मी बाजूला धरते, तो घ्या. दुकानात करता तसंच. तिथेही तुमची नजर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर असते आणि हात बाजूच्या फळीवर जातो, हो ना?"

धाकट्याने नजर त्यांच्या नाकावर रोखली आणि उजवा हात पुढे केला. हात कंगव्याच्या वीतभर अलीकडून गेला. बोटे हवेत मिटली. "सापडेल, सापडेल," तो पुटपुटला आणि हात आणखी पुढे लोटला. त्या हाताचा फटका थेट मला बसला.

मी टेबलावरून कलंडलो. काय होते आहे ते कळायच्या आत फरशीवर आदळलो. असा आवाज झाला की बाहेर बसलेले रोगीही दारात येऊन डोकावले. माझा वरचा भला मोठा तुकडा फुटून पलंगाखाली गेला आणि सगळ्यांसमोर माझे अंतरंग उघडे पडले. आत काय होते? काही नव्हते. मी पोकळ होतो! इतकी वर्षे मेंदू म्हणून मिरवलो आणि आतून मडके निघालो. याहून मोठा धक्का असू शकेल, असे मला तेव्हा वाटले नाही.

"बघितलंत?" थोरला ओरडला. "हेच दुकानात चालतं!"

"मॅडम, तुमचा नमुना फुटला माझ्या हातून," धाकटा रडवेला झाला.

"बरं झालं फुटला," मॅडम म्हणाल्या.

बरे झाले? बरे झाले म्हणे! मी फरशीवर आ वासून पडलो होतो आणि माझी धूळ पदराने पुसणारी बाई असे म्हणत होती. पण त्यांनी वाकून पलंगाखालचा तुकडा काढला आणि चष्मेवाल्याच्या नाकासमोर धरला. तो तुकडा अर्धा निळा होता आणि अर्धा पिवळा. मी काही रेघेवरून फुटलो नव्हतो.

"ही काळी रेघ कुठल्या मेंदूत पाहिलीस तू?" त्यांनी विचारले.

चष्मेवाल्याने चष्मा वर सारला. "तिथे घडी असते, मॅडम."

"घडी असते, भिंत नसते. झटका पिवळ्यात आला म्हणून निळ्याचं काम अडणार नाही, हे तुला कुणी सांगितलं? ह्या प्लास्टरने?" मग त्या भावांकडे वळल्या. "ऐका. मेंदूची वरची साल बोटाच्या पेरापेक्षाही पातळ असते. तिच्यात पेशींचे थर असतात, बहुतेक जागी सहा. त्या काचा ठेवल्यात ना खिडकीशी, त्यांत मी हेच बघत असते. पण हे थर सगळीकडे सारखे नसतात. कुठे मधला थर दाट, कुठे विरळ, कुठे शोधूनही सापडायचा नाही. आणि मेंदूतल्या दोन जागा धाग्यांनी जोडलेल्या असतात, त्या नुसत्या शेजारी आहेत म्हणून नाही. ज्यांच्या थरांची घडण एकमेकींशी जुळते, त्यांच्यात बहुधा धागे दाट असतात, मग एक समोर असो आणि दुसरी पार मागे. ज्यांची घडण निराळी, त्या जवळ असल्या तरी त्यांच्यात येणं-जाणं बेताचंच."

धाकट्याला त्यातही हसू आले. "म्हणजे आमच्यासारखंच की. दुकानाला लागून नटबोल्टवाला आहे, त्याच्याशी कधी बोलणं नाही. आणि बाजाराच्या पार टोकाला एक कटिंगवाला आहे, त्याच्याशी रोज चहा."

"अगदी तसंच," मॅडमही हसल्या. "आता तुमचं. वस्तू कुठे आहे, ते पिवळ्यातल्या काही जागांना कळतं. हात तिथवर कसा न्यायचा, ते निळ्यातल्या काही जागा ठरवतात. ह्या दोघांचा रोजचा चहा आहे. तुमचा निळा धडधाकट आहे, हुकूम सोडतोय. पण त्याला पत्ता सांगणारा सोबती जायबंदी झालाय. म्हणून हात निघतो जोरात आणि पोचतो भलत्याच दारी."

मित्रांनो, माझी वाचा बसली. आधी फक्त अंग फुटले होते, आता सगळा अभिमानच फुटला. माझ्या निळ्याचे आणि पिवळ्याचे इतके गूळपीठ होते आणि मी त्यांच्यामध्ये पहारा देत बसलो होतो! आणि थर? सहा थर? माझ्या अंगावर रंगाचा एक थर, तोही ओघळलेला.

थोरल्याला मात्र हे पटले नव्हते. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. पण दारू प्यायलेल्याचा हातही असाच जातो."

"असं? मग बघा." मॅडमनी धाकट्याला पुन्हा आपल्या नाकाकडे बघायला सांगितले. कंगवा बाजूला धरला, पण या वेळी त्याच्या डाव्या हाताचे बोट स्वतःच धरून कंगव्यावर टेकवले. "आता उजवा हात तुमच्या डाव्या बोटाकडे न्या."

उजवा हात सरळ गेला आणि कंगव्यावर पडला. त्यांनी कंगवा वर धरला, खाली धरला, लांब धरला. दर वेळी हात बिनचूक. मग डावे बोट काढून घ्यायला सांगितले, तर पुन्हा हवेत मूठ.

"आपलं बोट कुठे आहे ते ह्यांना आतून कळतं, त्या वाटेला धक्का लागलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "चुकतो तो फक्त डोळ्यांच्या कडेने पाहिलेल्या वस्तूचा पत्ता. दारू अशी निवड करून चढते का हो?"

 थोरला खाली बसला आणि माझ्या कपच्या वेचू लागला. निळ्या वेगळ्या, पिवळ्या वेगळ्या करता करता त्याचा हात थांबला.

"दुकान गच्च भरलेलं होतं," तो खालीच बघत म्हणाला. "सगळ्यांसमोर मी ह्याला दारुड्या म्हटलं."

"दादा, ऊठ ना," धाकटा म्हणाला.

"मला वाटलं, बोललो की सुधारेल."

बायकोने पुढे होऊन त्याच्या हातातल्या कपच्या आपल्या ओंजळीत घेतल्या. वस्तरा मात्र मॅडमनी परत न देता टेबलाच्या खणात ठेवला. सराव करावा लागेल, महिने लागतील आणि कितपत सुधारेल ते आज सांगता येणार नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. धाकट्याचा चेहरा उतरला. वस्तऱ्याशिवाय तो काय करणार होता?

चष्मेवाल्याने मला चिकटवले. खाली मान घालून, मन लावून चिकटवले. "रेघ पुन्हा ओढू का, मॅडम?" त्याने विचारले. मॅडमनी नुसते बघितले, आणि त्याने ब्रश धुऊन ठेवला.

पुढे धाकटा दर आठवड्याला यायचा. बायको सोबत असायची. टेबलावर माझ्याभोवती कंगवा, कात्री, ब्रश, पावडरचा डबा मांडायचा आणि तेच तेच करायचा. आधी मान वळवून सरळ बघायचे, मग डावा हात टेकवायचा, मग उजवा न्यायचा. पहिल्या-पहिल्यांदा डबा इतक्या वेळा माझ्यावर सांडला की मी पावडरीने पांढराफटक दिसायचो. कधी तो चिडायचा, ब्रश फेकायचा. बायको तो उचलून आणायची, आणि जवळ आली की नाक फेंदारून मुद्दाम मोठ्याने हुंगायची. मग दोघेही खुदकन हसायचे. ज्या गोष्टीने रडवले, तिचीच ही माणसे थट्टा करतात! मला माणसे कळत नाहीत, ती नाहीच.

आता शेवटचा प्रसंग सांगायचा राहिला आहे. पण माझी तुम्हाला एक विनवणी आहे, ती मी आधीच करतो, कारण नंतर मला बोलणे जमेलसे वाटत नाही. मित्रांनो, जुन्या नमुन्यांना लाथ मारू नका, धूळ झटका. पण आमच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. आमच्यावरची एखादी रेघ कुणीतरी काहीतरी झाकायला ओढलेली असते. आणि एखाद्याच्या हातून वस्तू पडली, हात चुकला, तर त्याच्या तोंडाचा वास घेण्याआधी त्याला विचारा, बाबा रे, तुला काय होतंय? खऱ्या मेंदूत कुठला धागा कुठे गेला आहे, ते बाहेरून दिसत नाही. मेंदू जपा, स्वतःचा आणि दुसऱ्याचाही.

तर, तो दिवस उजाडला. मॅडमनी टेबलाच्या खणातून रुमालात गुंडाळलेला वस्तरा काढून धाकट्याच्या हाती दिला. "कुणाची तरी दाढी करून दाखवावी लागेल," त्या म्हणाल्या. चष्मेवाल्याने नकळत आपल्या हनुवटीवर हात नेला. मी स्वतः फेस लावून घ्यायला तयार होतो, शपथेवर सांगतो.

पण त्या दिवशी सोबत आलेला थोरला उठला. दाढीचे खुंट वाढवूनच आला होता. खुर्चीत बसला, शर्टाचे वरचे बटण सोडले, मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

"दादा, आधी दुसऱ्या कुणाची करतो," धाकटा म्हणाला. 

"दुकानात गिऱ्हाईक थांबलंय. चल."

धाकट्याने फेस लावला. डाव्या हाताने गालाची कातडी ताणली, मान वळवून सरळ बघितले आणि वस्तरा टेकवला. गाल झाला. दुसरा गाल झाला. बायको भिंतीला टेकून उभी होती, तिने तोंडात पदर धरला होता. वस्तरा हनुवटीखाली गेला, गळ्यावर आला आणि तिथे फेसात एक लाल ठिपका उमटला. तो पसरत गेला.

धाकट्याचा हात जागीच थिजला. "दादा, कापलं."

थोरल्याने डोळे उघडले नाहीत.

"मग काय झालं? पूर्वीही कापायचास. तेव्हा तुला कुणी दारुड्या म्हटलं होतं का? कर पुढे," तो म्हणाला आणि त्याने गळा आणखी वर केला.